डबी आणि अप्पांची घंटा

मी डबी बोलतेय. प्रवासात साबण ठेवायला नेतात ना, ती प्लास्टिकची डबी; मुळात मी तीच. पण आत आता साबण नाही. आत नखाएवढी एक चिप आहे, चपटी बॅटरी आहे, वर काडेपेटीएवढा पडदा आणि बाजूने डोकावणारा बोटभर अँटेना. कुणाचं वायफाय किती पक्कं आणि किती कच्चं, हे तपासणं माझं काम. दिवसभर नुसतं ऐकायचं. आज फार दमलेय, म्हणून म्हटलं, एकदा आपण बोलावं आणि दुसऱ्याने ऐकावं.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. एका टोकाला ताटं, दुसऱ्या टोकाला मी. मला घडवणाऱ्या बाईंना सगळी बिल्डिंग ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते. ताई कंपन्यांचं वायफाय तपासून देते. आधी ती पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन हिंडायची. पाठ दुखायला लागली तेव्हा तिने खिशात मावेल असं काहीतरी बनवायचं ठरवलं, आणि ते काहीतरी म्हणजे मी.

पहिल्यांदा तिने मला गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. डबा दिसायला देखणा, पण आत गेले आणि मी ठार बहिरी झाले. पत्र्याच्या आत लहरी पोचत नाहीत हे ताईला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. डबा आवडला म्हणून ती ते विसरली. माणसं असं करतात. मग बाथरूममधून साबणाची डबी आली, साबण बिचारा बशीत गेला आणि माझी वर्णी लागली.

माझं मुख्य काम सांगते. वायफायला जोडलेली प्रत्येक वस्तू आपल्या राउटरचं ऐकते. मी त्या राउटरचा आवाज काढते आणि म्हणते, “चल, नीघ आता.” वायफाय पक्कं असेल तर मला कुणी हिंग लावून विचारत नाही. कच्चं असेल तर सगळे मुकाट बाहेर पडतात आणि थोड्या वेळाने आपापले परत येतात. तेवढ्यावरून ताईला कळतं की इथे उद्या दुसरं कुणी वाईट हेतूनेही हे करू शकेल. मालकाची परवानगी घेतल्याशिवाय मात्र ती माझं बटण दाबत नाही. त्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.

तिचे वडील, अप्पा, आतल्या खोलीत असतात. म्हणजे असायचे. अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. डाव्या हाताने समोरच्याचा हात एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही, एवढंच त्यांचं बोलणं उरलं होतं. त्यांच्या गळ्यात ताईने एक घंटा अडकवली होती. घंटा कसली, बटणच ते, त्यावर वायफायला जोडलेलं असेपर्यंत लागलेला एक हिरवा दिवा. अप्पांनी दाबलं की वायफायवरून ताईच्या फोनला कळायचं. ताई बाहेर असली तर ती खालच्या काकूंना फोन करायची आणि काकू किल्ली घेऊन वर यायच्या.

ताईचा थोरला भाऊ, दादा, दूर दुसऱ्या शहरात. रोज फोन करायचा. अप्पांना कुशीवर वळवलंस का, औषध दिलंस का, तू कामाला गेल्यावर त्यांच्याजवळ कोण असतं.

“तिकडून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय तुझं,” ताई म्हणायची.

“मग ठेवूया ना त्यांना चांगल्या संस्थेत. चोवीस तास माणसं असतात तिथे.”

“घंटा आहे त्यांच्या गळ्यात. वाजली की मी येते. अजून एकदाही चुकलेली नाहीये.”

त्या घंटेच्या जिवावर अप्पा घरात होते. घंटा चालतेय तोवर दादाला पुढे बोलता येत नव्हतं. आणि ताईला अप्पा घरातच हवे होते. मी टेबलावरून पाहायचे ना. कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी ती अप्पांच्या खोलीत डोकावायची.

मी पुरी झाले त्या दिवशी सकाळी तिला एका मोठ्या कंपनीत जायचं होतं. तिथे नाचक्की नको म्हणून निघण्याआधी तिने घरातच माझी चाचणी घेतली. घर आपलं, वायफाय आपलं, परवानगी कुणाला विचारायची? तिने बटण दाबलं, मी “नीघ” म्हटलं आणि सगळं घर बाहेर पडलं. टीव्ही थांबला, फोन सुटला, कॉम्प्युटर सुटला. मग एकेक जण परत आला. ताईने एकेकाकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “शहाणी गं माझी डबी,” म्हणाली. मला फार बरं वाटलं होतं.

घंटा परत आली नव्हती. स्वस्तातली वस्तू ती, एकदा सुटली की बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय परत यायची अक्कल तिला नव्हती. आणि ताईच्या धंद्याची एक सवय आहे, नेटवर्कवाल्या सगळ्यांनाच असते. तक्रार आली नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय. ज्या वस्तूचं कामच तक्रार करणं, तीच बंद पडली तर तक्रार येणार कुठून, हा विचार त्या घाईत तिला शिवला नाही. लोकांचं वायफाय तपासणारी बाई, आणि दिव्याखाली अंधार.

अप्पांनी पाहिलं होतं. दिवा विझला तो त्यांच्या छातीवरच. ताई निरोप घ्यायला खोलीत गेली तेव्हा त्यांनी डाव्या हाताने बटण उचलून तिला दाखवलं. ती खिशात मला कोंबत होती. “हो अप्पा, घंटा आहे ना गळ्यात, वाजवा काही लागलं तर,” असं म्हणून तिने पांघरूण सारखं केलं, पाण्याचा पेला जवळ सरकवला आणि ती निघाली.

कंपनीत माझं फार कौतुक झालं. मोठमोठ्या साहेबांनी मला तळहातावर घेऊन पाहिलं. चहा पिताना ताई एकाला म्हणाली, “आज घरून एकदाही फोन नाही. आज अप्पा शांत आहेत.”

दुपार कलल्यावर आम्ही घरी आलो. अप्पा पलंगाखाली फरशीवर होते. पेला लवंडलेला, कपडे ओले, कोपर सोललेलं. कधी पडले कुणास ठाऊक. डाव्या हाताचा अंगठा अजून बटण दाबत होता. ताईने आधी त्यांना सावरलं, काकूंना हाक मारून दोघींनी उचलून पलंगावर घेतलं, आणि मग तिचं लक्ष त्या विझलेल्या दिव्याकडे गेलं. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला खिशातून काढून फक्त बाजूला ठेवलं.

डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही. ताईने दादाला फोन लावला. घंटा खराब निघाली, असं सांगून ती मोकळी होऊ शकली असती. पण ती म्हणाली, “मीच बंद पाडली रे. माझ्या हाताने.” “येतो मी,” एवढंच दादा म्हणाला.

तो आला. भांडेल असं मला वाटलं होतं, पण तोही थकलेलाच दिसला. ताईच्याच गावातली एक संस्था त्याने शोधली होती. आठवडाभर ठेवून तर बघू, म्हणाला. ताईला नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. अप्पा तिथे गेले. तिथेही प्रत्येक पलंगाशी घंटा होती, वायफायवरचीच.

“कायमचं ठरवण्याआधी मी तिथल्या घंटा तपासणार,” ताई म्हणाली. “त्या नापास झाल्या तर अप्पा घरी परत.”

दादा कबूल झाला. मला मात्र ताईचं मन दिसत होतं. इतक्या वेळा मला हातात धरलं तिने, पण काहीतरी तुटावं अशी इच्छा धरून याआधी कधी धरलं नव्हतं.

संस्थेच्या मॅनेजरने हसत परवानगी दिली. “तपासा की. आमच्याकडे आजवर एक तक्रार नाही.” या वेळी ताई खोल्याखोल्यांतून हिंडली, प्रत्येकाला आणि तिथल्या मावश्यांना सांगितलं की थोडा वेळ घंटा वाजणार नाहीत. मग अप्पांच्या पलंगाशी येऊन बसली आणि तिने बटण दाबलं. मी तेच बोलले जे मला बोलता येतं. मजल्यावरची एकूण एक घंटा गप्प झाली आणि एकही परत आली नाही.

“पाहिलंस?” ताई दादाला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “इथेही तेच. मग घरी काय वाईट आहे?”

तेवढ्यात एक मावशी आत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी अप्पांच्या पाठीखाली हात घालून त्यांना कुशीवर केलं, उशी सारखी केली, पाणी पाजलं, तोंड पुसलं.

“मावशी, घंटा बंद आहेत, मग अप्पांना काही लागतंय हे तुम्हाला कसं कळलं?” दादाने विचारलं.

“कळायचं काय त्यात? फेरी असते आमची,” म्हणत त्या पुढच्या खोलीत गेल्यासुद्धा.

ताईने मला बंद केलं. खोल्याखोल्यांत जाऊन एकेक घंटा हाताने पुन्हा चालू करून ती परत आली. ‘बघ, मी म्हणत होतो’ असं दादाने म्हटलं नाही, आणि त्याचा हा चांगुलपणा मी लक्षात ठेवलाय. मग ताईने अप्पांचा डावा हात हातात घेतला.

“अप्पा, घरी चाचणी घेतली तेव्हा तुम्हाला विचारलं नाही. इथे आणलं तेव्हाही कुणी विचारलं नाही. आता विचारते. इथे राहायचंय का?”

अप्पांनी एकदा दाबलं.

मनाविरुद्ध आकडा आला की ताई लगेच विश्वास ठेवत नाही, मोजणी पुन्हा घेते. तिने पुन्हा विचारलं. अप्पांनी एकदाच दाबलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, तिचा हात आपल्या गालाला लावला, आणि सावकाश, एकदाच दाबलं.

त्यानंतर अप्पा तिथेच राहिले. मॅनेजरच्या मागे लागून ताईने तिथल्या घंटा बदलून घेतल्या. संध्याकाळी ती अप्पांजवळ जाऊन बसते, मला घेऊन जात नाही. घरी आतल्या खोलीचं दार बंद असतं. चप्पल काढायच्या आधी तिकडे वळायची सवय अजून गेलेली नाही तिची. दोन पावलं जाते आणि परत फिरते.

मी अजून कामावर जाते. पण आता ताई कुठेही गेली तरी आधी सगळ्या खोल्या पायी फिरते. “इथे असं काही आहे का, जे बंद पडलं तर कुणाला कळणार नाही?” असं विचारत सुटते. साहेब लोक घड्याळ बघतात, आणि मी खिशात चालूच. बॅटरी फुगायला लागली आहे, झाकणाला भेग पडलीय, रबरबँडवर दिवस ढकलतेय. टेबलावर माझ्या जागी येणारीची जुळवाजुळव सुरू झाली आहे. येऊ दे बापडी. मला तिचा हेवा वाटत नाही.

मी आयुष्यभर फक्त बोलणाऱ्यांना ऐकलं. जे बोलत नाही ते मला ऐकू येत नाही, तसं मला बनवलेलंच नाही. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला पाय आहेत. माझं ऐकून झालं असेल तर मला बंद करा, माझी काही हरकत नाही. फक्त नंतर आतल्या खोलीत एकदा जाऊन या.