खांबावरचा खिळा

शिंपीमास्तरांनी उजव्या हातानं चेंडू परतवला आणि डाव्या हातानं काखेतली पिशवी आणखी घट्ट दाबली. पुढचा चेंडू उंच आला. त्याला दोन हात लागतात. मास्तरांनी तो अत्यंत आदरानं जमिनीवर पडू दिला.

"मास्तर, पिशवीलाही संघात घ्या की!" जाळीपलीकडून गवंडी ओरडला. "निदान ती तरी उडी मारेल!"

निर्वासितांना ठेवलेल्या त्या जुन्या गोदामामागच्या अंगणात रोज सकाळी हा खेळ चाले. एका हातानं व्हॉलीबॉल खेळता येतो हे मास्तरांनी सिद्ध केलं होतं. जिंकता येत नाही, हेही. पिशवीत कागदपत्रं होती आणि घराची किल्ली. घर उरलं नव्हतं, किल्ली मात्र शाबूत होती. येताना तीन चौक्यांवर कागद दाखवावे लागले, तेव्हापासून पिशवी जेवताना मांडीवर, आंघोळीच्या वेळी कडीला आणि निजताना उशाला. झोप तेवढी नसे. हात असे थरथरत, की सुईत दोरा बायको ओवून ठेवी.

पिशवी सोडा म्हणून सल्ला सगळ्यांनीच दिला होता. मास्तरांना मैदानात ओढणाऱ्या, गोदामातल्या नर्सबाईंनी मात्र तो दिला नाही. त्यांनी एके दिवशी जाळीच्या खांबाला, मास्तरांच्या खांद्याच्या उंचीवर, एक खिळा ठोकला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तीन आठवडे खिळा रिकामाच होता. तो वाकडा ठोकलाय, अशी तक्रार गवंडी रोज करी.

आज शेवटचा गुण उरला. मास्तरांनी गवंड्याकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं आणि पिशवी टांगली. पट्टा दोनदा ओढून बघितला. मग दोन्ही हात वर करून उभे राहिले. असे हात त्यांनी याआधी फक्त चौकीवर वर केले होते.

चेंडू चार वेळा इकडून तिकडे गेला. पाचव्यांदा गवंड्यानं हाणला तो रेघेपाशी पडला.

"बाहेर!"

"आत! डोळे तपासा, मास्तर!"

"रेघ तूच आखलीस ना? गवंडी म्हणवतोस आणि रेघ वाकडी!"

भांडण अंगणातून गोदामात आणि गोदामातून खोलीच्या दारापर्यंत आलं. बायको काजं करत बसली होती.

"अहो, झालं तरी काय?"

"वीतभर बाहेर होता! आणि तो गवंडी म्हणतो..." मास्तर खाटेवर आडवे झाले. गवंड्याचं म्हणणं घोरण्यात बुडालं.

या घोरण्याला तिनं संसारभर नावं ठेवली होती. घर सोडल्यापासूनच्या अकरा महिन्यांत ते कानावर पडलं नव्हतं. हातातलं काम ठेवून ती ऐकत राहिली. मग तिची नजर त्यांच्या खांद्यावर गेली. खांदा रिकामा होता.

जाग आल्यावर पिशवी दिसली नाही तर? ती अनवाणीच धावली.

अंगण ओस पडलं होतं. खांबाखाली खुर्ची टाकून नर्सबाई डबा खात होत्या. डोक्यावर पिशवी लटकत होती.

"बाई, हाक नाही का मारायची त्यांना?"

"इतके छान भांडत निघाले होते," नर्सबाई म्हणाल्या. "मध्ये कशाला तोंड घालू?"

ती परतली तेव्हा मास्तरांचे डोळे अर्धवट उघडे होते. तिनं पिशवी पाठीमागे धरली.

"काय गं, बाहेरच होता ना चेंडू?"

"वीतभर," सामना न पाहिलेली बायको ठामपणे म्हणाली.

मास्तर समाधानानं कूस बदलून पुन्हा घोरू लागले. पिशवी तिनं दारामागच्या खुंटीला अडकवली. रोजच्यासारखी त्यांची सुई ओवायला घेतली, दोऱ्याचं टोक ओलंही केलं. मग थांबली, आणि सुई तशीच, न ओवता, त्यांच्या मशीनवर ठेवून दिली.