उपासातलं अंथरूण

मोठ्या उपासाची पहिली संध्याकाळ आली की मी कपाटातली पातळ गादी काढते आणि बाहेरच्या खोलीत, मरियमच्या तसबिरीखाली, अंथरते. नेगाश, माझा नवरा, काही विचारत नाही. आमच्यात हे बोलायचं नसतं. ईस्टरपर्यंतचे पंचावन्न दिवस दूध, लोणी, मांस वर्ज्य. दिवसाच्या नवव्या तासापर्यंत, म्हणजे दुपारी तीनपर्यंत, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आणि नवराबायकोंनी वेगळं निजायचं. माझी आई असंच करायची. मेरीलँडमध्ये राहायला आले म्हणून मी काही वेगळं करावं असं मला कधी वाटलं नाही.

त्या वर्षी मुलाखतीचं बोलावणं नेमकं उपासात आलं.

बोलावण्याची वाट आम्ही दोन वर्षं बघत होतो. नेगाश इथला नागरिक, मी त्याची बायको म्हणून ग्रीन कार्डासाठी अर्ज केलेला. लग्न देवळात झालेलं, दोघांच्या डोक्यावर मुकुट ठेवून, म्हणजे आमच्या धर्मात जे मोडता येत नाही ते. पण कचेरीला मुकुटाचं काय! तिला खात्री हवी होती की आम्ही खरंच संसार करतो, नुसतं कागदापुरतं लग्न नाही. तोवर मी देशाबाहेर पाऊल टाकलं तर सगळं रद्द. जाऊन येण्याची वेगळी परवानगी मागितली होती, तीही तिथेच कुठेतरी पडून होती.

आणि तिकडे इथिओपियात, देब्रे ताबोरला, माझ्या आईचे डोळे जात होते.

दर रविवारी देवळातून आले की मी तिला फोन लावायची.

"बाजूचं दिसत नाही गं," ती म्हणायची. "समोरचं दिसतं, तेही नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणतो, नस सुकत चाललीय. त्याला म्हटलं, माझी त्सेदाले येईपर्यंत तेवढी नळी उघडी ठेव. तुझं तोंड एकदा बघितलं की मग खुशाल मिट म्हणावं."

"येते आई. मुलाखत झाली की येते."

"ते झालं तुझं. इथं माझी वेगळीच पंचाईत. दारातून ऊन आत येतं आणि उखळाला लागतं, तो माझा नववा तास. चाळीस वर्षं त्या उन्हावर उपास सोडतेय. आता ऊन कुठं पोचलं ते दिसत नाही. शेजारच्या लकेचला विचारते, तर ती बया भर बाराला म्हणते, 'लागलं उखळाला, जेवा आता!' मला काय पोटावरून कळत नाही? दया येते म्हणे तिला. माझा उपास मोडून दया करते!"

मी हसायची. फोन ठेवला की तसबिरीपुढे उभी राहायची आणि एकच मागायची, आईची नजर शाबूत असेतो मला पोचव.

मुलाखतीची तयारी अस्कालेने करून घेतली. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते. तिची स्वतःची मुलाखत होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून ती त्या तोऱ्यातून उतरलेली नाही. कॉफी भाजून, धूप लावून आम्ही बसलो की ती कचेरीतला साहेब व्हायची.

"नेगाश, बायकोच्या दात घासायच्या ब्रशचा रंग?"

"निळा."

"परवा तर हिरवा म्हणालास!"

"परवा हिरवाच होता. तिनं बदलला."

"त्सेदाले, मुलाखत होईपर्यंत या घरात काही बदलायचं नाही. ब्रश नाही, दात नाही, नवरा तर मुळीच नाही." मग त्याच्याकडे वळून, "आणि तू रे, विमानतळावर कामाला असताना उपासात अंडं खातोस ते बायकोला माहीत आहे का? तेही विचारतील हं."

"माहीत आहे," मी म्हटलं. नेगाश खाली बघून हसला. तो उपास माझ्यासारखा पाळत नाही, पण माझ्या पाळण्याच्या मध्येही कधी येत नाही.

सासूचं नाव, पहिली भेट, चहात साखर किती, कढईचा कान कुणी जाळला, सगळं घोकून झालं. अंथरुणाचं मात्र कुणी विचारलं नाही. अस्काले चार घरच्या गप्पा मारणारी, पण उपासात कोण कुठे निजतं हे तिच्याही तोंडून निघालं नसतं. आम्ही ते विसरलो असंही नाही. ते बोलायच्या गोष्टींमध्ये नव्हतंच.

मुलाखतीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ होतं. अधिकारी सर्दीने बेजार झालेला, चाळिशीचा माणूस. त्याने आम्हा दोघांना हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यायला लावली आणि मग नेगाशला आधी आत नेलं. मी बाहेर, आमचा अर्ज बघणाऱ्या वकीलबाईंजवळ, बसून राहिले. नंतर त्याला बाहेर पाठवून मला बोलावलं.

पहिले प्रश्न सगळे घोकलेले निघाले. मला बरं वाटायला लागलं होतं. मग नाक पुसत त्याने विचारलं, "काल रात्री तुम्ही पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपलात?"

दुभाषी बाई आमच्याच गावाकडची, माझ्याहून मोठी. प्रश्न मला सांगताना तिने मान खाली घातली.

मी म्हटलं, "पलंगावर नाही झोपले. बाहेरच्या खोलीत, खाली."

"आणि नवरा?"

"आत."

"भांडण झालं होतं?"

"नाही. उपास आहे."

"उपास जेवणाचा असतो ना?"

"आमचा सगळ्याचा असतो," मी म्हटलं. एवढ्यानेच माझे कान तापले. त्याने बराच वेळ लिहिलं आणि दुसरं काही विचारलं नाही.

गाडीत बसल्यावर नेगाशने किल्ली फिरवली नाही.

"पलंगाचं विचारलं तुला?"

"हो."

"काय सांगितलंस?"

मी सांगितलं. त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

"मी सांगितलं, खिडकीकडच्या बाजूला मी, दाराकडच्या बाजूला ती."

"का रे?"

"का म्हणजे? तसंच झोपतो ना आपण? उपास सोडला तर वर्षभर तसंच झोपतो! त्या माणसाला काय सांगू, माझी बायको माझ्याजवळ निजत नाही? गावात भावाला सांगितलं नाही मी हे कधी." मग तो हळू झाला. "एक शब्द, त्सेदाले. एक शब्द तू माझ्यासारखा बोलली असतीस तर आईकडे जायला मोकळी होतीस."

"तू काय बोललास ते मला कुठं माहीत होतं?"

"माहीत असतं तर बोलली असतीस?"

हात वर करून शपथ घेतलेली, तोंडात सकाळपासून पाणी नाही. त्या तोंडाने खोटं आलं असतं का, मला खरंच ठाऊक नव्हतं. शेवटी त्याने किल्ली फिरवली.

पुढे आठवडे गेले. ईस्टर झाला, मी गादी गुंडाळून कपाटात ठेवली. मग वकीलबाईंचा फोन आला. तुमच्या उत्तरांमध्ये फरक आहे, कचेरी पुन्हा बोलावणार, केव्हा ते सांगता येत नाही. आणि जरा घुटमळत त्या म्हणाल्या, "निकाल लागेपर्यंत दोघं एकाच खोलीत झोपा. मग उत्तरं आपोआप जुळतील."

दुसरं बोलावणं ऑगस्टचं आलं. ऑगस्टात मरियमचा पंधरवडा असतो, तोही उपासच. आमच्या वर्षात उपास टाळून तारीख मिळणं कठीण.

मी अब्बा लिसानकडे गेले. ते देवळातले पुजारी, आमच्या घराचे धर्मपिता, माझं बरंवाईट त्यांना माहीत.

"अब्बा, या खेपेला गादी न घालता राहू का? आईसाठी. नंतर जे प्रायश्चित्त सांगाल ते करीन."

त्यांनी हातातला क्रूस फिरवला. "नेगाश काय म्हणतो?"

"त्याला विचारलं नाही."

"या वेळी की कधीच?"

"कधीच नाही," मी म्हटलं.

"मुली, वेगळं निजायचं ते दोघांच्या राजीखुशीनं. तू गादी उचलतेस आणि तो बघत राहतो, असंच चाललंय ना तुमचं? आधी घरी जा. त्याला विचार. मग माझ्याकडे ये."

त्या संध्याकाळी नेगाश कामावरून आला. मी शिरोचं पिठलं वाढलं, इंजेरा भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला आणि विचारलं. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, पण हे विचारताना माझा आवाज नव्या नवरीसारखा झाला.

त्याने घास गिळला. "तू गादी घाल," तो म्हणाला.

"आणि साहेबानं विचारलं तर?"

"या वेळी मी खरं सांगणार."

"मग पहिलं खोटं ठरेल तुझं. शपथेवरचं."

"ठरू दे. खोटं मी बोललो, अडकलीस तू. तुझी आई डोळे ताणून बसलीय तिकडे, आणि मला इथे घास उतरत नाही." मग थोड्या वेळाने, "पण पुढच्या वर्षीपासून विचारत जा. मी हो म्हणेन, पण विचारत जा."

ऑगस्टात अधिकारी तोच होता, सर्दी नव्हती. या वेळी आम्हा दोघांना एकाच खोलीत बसवलं. त्याने नेगाशला तोच प्रश्न विचारला.

"साहेब, मागच्या वेळी मी खोटं बोललो," नेगाश म्हणाला. वकीलबाईंचं पेन थांबलं. "ती बोलली ते खरं. उपासात ती बाहेर निजते. मला लाज वाटली म्हणून मी पलंग सांगितला. काय शिक्षा असेल ती मला द्या."

अधिकारी मागे टेकून बसला. "आणि काल रात्री?"

"कालही उपासच. ती बाहेर, मी आत. मधलं दार उघडं असतं."

"वेगळं झोपायचं तर दार उघडं कशाला?"

"ती पहाटे उठून प्रार्थना म्हणते, हळू आवाजात. ती ऐकू आली की मला उठायची वेळ कळते. गजर लावत नाही मी. रोजची प्रार्थना वेगळी असते. गुरुवारची फार लांब. गुरुवारी ती संपेपर्यंत पडून राहतो, मग कामाला उशीर होतो. माझ्या साहेबाला विचारा, दर गुरुवारी बोलणी खातो."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. मला वाटत होतं, मी म्हणते तेव्हा तो गाढ झोपेत असतो.

अधिकाऱ्याने मला विचारलं, "आज वार कुठला?"

"गुरुवार."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. "तरी वेळेवर आलात," एवढंच बोलला आणि लिहू लागला.

निकाल त्या दिवशीही सांगितला नाही. कळवू म्हणाले.

सप्टेंबरात आमचं नवं वर्ष असतं. त्या दिवशी फोनवर आई शुभेच्छा देऊन झाल्यावर म्हणाली, "नळी मिटली गं." मी विचारलं, काहीच दिसत नाही का? "उजेड आहे की अंधार, तेवढं कळतं. रडू नकोस, सणाचा दिवस आहे." मी रडत नव्हते.

कार्ड नोव्हेंबरात आलं. नेगाशने पाकीट माझ्या हातात दिलं आणि तो तसाच उभा राहिला. मी ते मरियमपुढे ठेवलं. आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते पाप होईल. पण मी ज्यासाठी मागत होते ते त्या पाकिटात नव्हतं.

नाताळच्या आधीच्या उपासात मी देब्रे ताबोरला पोचले. आई दाराशी घोंगडी पांघरून बसली होती. माझं पाऊल वाजल्याबरोबर तिने दोन्ही हात पुढे केले. माझ्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून बोटं फिरवली, पुन्हा कपाळाशी आणली.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"हो आई."

"हाडं लागतात हाताला. त्याच्या घरी खायला नाही का?" आणि मग, "तो बरा आहे ना?"

"बरा आहे. दार उघडं ठेवून निजतो."

तिला काय कळलं देव जाणे, पण तिने मान डोलावली.

लकेच चुलीपाशी होती. तिने डाळ उतरवली, ताटावर इंजेरा पसरली. आई पहाटेपासून उपाशी. तिचे हात माझ्या हातात होते.

"ऊन कुठवर आलं?" आईने विचारलं.

लकेचने आईच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. डोळे मोठे करून, मान हलवून, हो म्हण, लागलं म्हण, अशी ती मला विनवत होती. मी जमिनीकडे बघितलं. उन्हाची कड उंबरा ओलांडून जेमतेम आत आली होती. उखळ भिंतीशी, सावलीत.

"सांग ना," आई म्हणाली. "तू तरी खरं सांग."

"नाही आई. अजून दोन हात लांब आहे."

"लांब आहे ना? मला वाटलंच." तिने घोंगडीचं एक टोक उचललं आणि भिंतीकडे सरकून मला जागा करून दिली. "मग ये, बस."

लकेचने चरफडत ताटावर झाकण ठेवलं. मी आईला टेकून बसले, आणि ऊन पुढे सरकेल तसं तिला सांगत राहिले.