मागच्या खोलीचं कलम

घड्याळकाकांनी सहा महिन्यांत मला दहा वेळा तरी सांगितलं, "जागा तुझीच समज." आणि मी मूर्खासारखी समजत राहिले.

चौदा वर्षं मी त्यांच्या तळमजल्यावर पुस्तकं बांधते. पुढे माझी बायंडिंगची खोली, मागे त्यांची राहायची. डोळे अधू झाले तसं घड्याळं दुरुस्त करणं त्यांनी सोडलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. जागा विकायची म्हणाले तेव्हा मी खळ ढवळता ढवळताच आकडा सांगितला. अठ्ठावीस लाख. ते म्हणाले, "ठरलं." मी हात पुसून चहा टाकला. झाला सौदा.

धाकटी बहीण वकिलाकडे टायपिस्ट आहे. ती पहिल्या दिवसापासून माझ्या मागे लागली होती. "ताई, एक कागद दे त्यांना. काय घेणार, किती देणार, कधी देणार, अटी काय. चार ओळी."

"बापासारखे आहेत ते. बापाला कागद देऊ?"

"कुणी चार वह्या शिवायला टाकल्या तरी तू चिठ्ठी करतेस. कापड कुठलं, कोपरे कसे. आणि आयुष्यभराची कमाई चहावर?"

मी तिला झापलं. तुम्हा ऑफिसातल्या माणसांना सगळे चोरच दिसतात, म्हणाले. बोलताना स्वतःचा फार अभिमान वाटला. खरं सांगायचं तर मी ज्याला विश्वास म्हणत होते, त्यात निम्मा आळस होता आणि उरलेली भीती. कागद पुढे केला आणि ते नको म्हणाले तर? तोंडी होकाराचं हेच सुख असतं, तो कुणी तपासत नाही.

मंगळवारी सकाळी काकांची मुलगी आली. काकू गेल्यापासून अर्धी जागा तिच्या नावावर आहे. तिने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. शेजारच्या औषधवाल्याची ऑफर. सव्वीस लाख, जागा पूर्ण रिकामी हवी, शुक्रवारी पाचपर्यंत उत्तर. खाली सही, तारीख.

"माझे अठ्ठावीस आहेत," मी म्हणाले.

"कुठे आहेत?"

"काकांना विचारा."

"विचारलं. म्हणतात, ठरलंय. काय ठरलंय म्हटलं, तर म्हणतात, ठरलंय. यावर मी सही कशी करू?"

काका मधल्या दारात उभे होते. ते लेकीला गप्प करतील असं मला वाटलं. ते माझ्यावरच भडकले. "दोन दिवस एकटा भांडतोय मी तुझ्यासाठी! तो औषधवाला कागद आपटून गेला. मी काय आपटू? तुझी कपबशी?"

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. कागद दिला तर त्यांचा अपमान होईल म्हणून मी दिला नव्हता. आणि त्यांना मी रिकाम्या हातांनी लढायला पाठवलं होतं.

तिथेच कोरा कागद घेऊन लिहायला बसले. किंमत. निम्मी करारावर, बाकी दोन महिन्यांत, कर्ज मिळाल्यावर. मग मोठ्याने वाचत लिहिलं, "ताबा, संपूर्ण तळमजला, मागच्या खोलीसह."

"थांब, थांब," काका म्हणाले. "मागची खोली कशी? तिथे मी राहतो ना."

"तिथे माझं कटिंग मशीन येणार, काका. तुम्ही लेकीकडे जाणार म्हणून तर विकताय."

"कोण म्हणालं? हिचा हिस्सा हिला मिळावा म्हणून विकतोय. राहणार इथेच."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. एक जण लबाड असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. सहा महिने आम्ही दोन वेगळ्या जागांचा सौदा केला होता.

"बाबा, माझ्याकडे या म्हणून कितीदा सांगितलं," मुलगी म्हणाली.

"चौथ्या मजल्यावर येऊन काय कबुतर होऊ?"

ती हसली नाही. मीही नाही. मोठं मशीन नसेल तर मोठी कामं घेता येणार नव्हती. पण औषधवाल्याने जागा घेतली, तर दोन्ही खोल्या गेल्या असत्या. माझीही आणि म्हाताऱ्याचीही. मी अठ्ठावीस खोडून पंचवीस केले आणि खाली लिहिलं, "मागच्या खोलीत काका हवं तोपर्यंत राहतील. भाडं नाही."

"हवं तोपर्यंत म्हणजे?" मुलगी म्हणाली. "कुणाला हवं तोपर्यंत? उद्या तुम्ही म्हणाल, आता पुरे."

बरोबर होतं तिचं. नेमका शब्द तिघांनाही माहीत होता आणि उच्चारायला कुणी तयार नव्हतं. मी 'हवं तोपर्यंत' खोडलं आणि 'मरेपर्यंत' लिहिलं.

"वाच," काका म्हणाले.

मी वाचलं.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. ते लेकीकडे वळले. "औषधवाल्यापेक्षा लाखाने कमी आहे. तुझं नुकसान आहे. बोल."

तिने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "पेन द्या."

मशीनवाल्याला मी महिन्यापूर्वी फोनवर 'घेते' म्हणून टाकलं होतं. दुपारी त्याला फोन करून नाही म्हणाले. त्याने माझ्यासाठी दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं होतं. तो वाट्टेल ते बोलला. माझं 'घेते'ही तोंडीच होतं.