दादूबुवांचा तांब्या

आगरदांड्याजवळच्या खाडीकाठच्या शेतात गर्दी लोटली होती. दादूबुवा शिष्याच्या नव्याकोऱ्या, काचेच्या केबिनच्या ट्रॅक्टरात बसले होते. शेजारी गळ्यापर्यंत भरलेला पाण्याचा तांब्या. ट्रॅक्टर ढेकळांवरून, बांधांवरून फिरून आला आणि थेंबही सांडला नाही!

“बगा! जागेवाल्याला, ह्या जागेच्या भुताला, मी बांधलाय! तोच शीटच्या गादीत दडतो नि डायवरची पाठ धरतो. गादी काढा, ताईत बांधा, पाठदुखी पळालीच समजा!” बुवांची जीभ ट्रॅक्टरहून जोरात धावत होती.

गर्दीत प्राप्ती उभी होती. ती अलिबागला फिजिओथेरपिस्ट. तिच्या बाबांनी, दत्तात्रेयांनी, जन्मभर आपल्या ट्रॅक्टरने लोकांची शेतं नांगरली. पाठ धरली तेव्हा ती म्हणाली होती, तपासून घ्या. त्यांनी बुवांचं ऐकलं आणि अख्खा हंगाम उघड्या लोखंडी सीटवर काढला. आता उजवं पाऊल लुळं पडलं होतं. मणक्यात नस दबलीय, फार उशीर केलात, असं डॉक्टर कालच म्हणाले. रडून रडून प्राप्तीचे डोळे सुजले होते.

“बुवा, तुम्ही उतरा. तांब्या राहू दे,” ती म्हणाली.

शिष्याने बुवांविना ट्रॅक्टर त्याच बांधांवरून नेला. पाणी जागच्या जागी. मग तिने तोच तांब्या बाबांच्या ताईत बांधलेल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवला. शेजारच्या कुलदीपने ट्रॅक्टर काढला आणि पहिल्याच बांधाला तांब्या उलटला.

“शरधा कमी पडली!” बुवा ओरडले.

“स्प्रिंगा कमी पडल्या,” प्राप्ती म्हणाली. “या केबिनखाली वाकून बघा. स्प्रिंग आणि शॉकअप आहेत. चाकांचा दणका तेच गिळतात. आपल्या ट्रॅक्टरला ते नाहीत, दणका थेट मणक्याला बसतो. मध्ये एक गादी होती, तीही यांनी काढायला लावली!”

माणसं वाकून बघू लागली. बुवांनी तेवढ्यात काढता पाय घेतला.

बांधावर बसलेल्या दत्तात्रेयांनी विचारलं, “पोरी, मंग माजा पाय?”

तिला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं.

“ऑपरेशन करू, बाबा. पण पूर्वीसारखा होईलच असं नाही.”

त्यांनी लुळं पाऊल हाताने उचलून सरळ ठेवलं. मग लोकांकडे वळून म्हणाले, “असं कसं व्हतं, त्ये मी कुनाला इचारलंच न्हाय. तुमी इचारा रं.”