बयाबाईची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाडीभरडी आणि टोचरी. टोचते म्हणून मला आजवर पुष्कळ नावं ठेवली गेली. पण कडाक्याची थंडी पडली की नावं ठेवणारेच आधी माझ्यात शिरतात! असो. मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. खरं तर ती माझी कमी आणि बयाबाईची जास्त आहे.

आटपाडीकडच्या माळावर बयाबाईच्या घरची मेंढरं चरायची. त्यांची लोकर तिनं स्वतः पिंजली, सूत कातलं आणि विणायला गावातल्या सनगराकडे दिलं. त्यानं सुताला चिंचोक्याची खळ लावली, त्यामुळे सुरुवातीला मी पत्र्यासारखी ताठ होते. बयाबाईनं मला घरी आणून देवापुढं अंथरलं, माझ्यावर बिरोबाचा पिवळा भंडारा टाकला आणि म्हणाली, "बाबा, हिच्याखाली जो येईल त्याला ऊब दे. आपला-परका बघू नगंस."

देवाशी ती अशीच बोलायची, शेजाऱ्याशी बोलावं तशी. एखादं मेंढरू मेलं तर देवालाच फैलावर घ्यायची, "मेंढरं राखता येत न्हाईत तर माणसं तरी नीट राख!" आणि लगेच गालात मारून घ्यायची.

मला घरात कधी स्वस्थता म्हणून मिळाली नाही. ऊसतोडीच्या टोळीतली एखादी बाई वाटेत बाळंत झाली, की मी निघाले तिच्या अंगावर. एसटी बंद पडून माणसं फाट्यावर कुडकुडत बसली, की चालले मी फाट्यावर. बयाबाईचा नवरा नाथाजी चिडायचा. "घरची पोरं गारठत्यात आन् हिची घोंगडी गावभर!"

"आवं, पोरं माझ्या कुशीत हायती," ती म्हणायची. "त्या बाईला कोण हाय?"

 

कुशीत असायची दोन लेकरं, अमृत आणि राणी. राणी धाकटी. माझं जे टोक बयाबाई गळ्याशी घ्यायची, त्यात नाक खुपसल्याशिवाय ही पोरगी झोपायची नाही. त्या टोकाला चुलीचा धूर होता, भंडारा होता, शेंगतेल होतं, मेंढरं होती आणि या सगळ्यांत मिसळलेली बयाबाई होती.

पुढं मेंढरं विकली गेली. नाथाजी वारला. अमृत माधवनगरला सूतगिरणीत लागला, राणी लग्न होऊन वाईला गेली. गावात आम्ही दोघीच उरलो. आणि यंदाच्या थंडीत बयाबाईही गेली, माझ्याखालीच.

राणी तेव्हा वाईत नुकतीच बाळंत झालेली. ओल्या बाळंतिणीला कोण प्रवास करू देतं? तिला आईचं तोंडसुद्धा दिसलं नाही. रीतीप्रमाणे बयाबाईची लुगडी, वाकळ सगळं स्मशानात गेलं. मीही जायची, पण राणीचा फोन आला. "दादा, मला डोरलं नगं, काय नगं. आयची घोंगडी तेवढी ठेव. सव्वा महिना झाला की बाळाला घिऊन येते."

तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. मित्रांनो, तिच्या आईचा वास आता जगात फक्त माझ्यापाशी उरला होता.

अमृतनं मला माधवनगरला नेलं. त्याची बायको शिवांजली मायाळू. सासूचं शेवटचं दुखणं तिनंच गावी येऊन राहून काढलं. राणी येण्याच्या आदल्या दिवशी तिनं मला उलगडलं.

"आवं, हिला धुराचा वास लय मारतोय. तान्ह्याला शिंका येतील."

"मग धुऊनच देऊ की," अमृत म्हणाला. "आय गेल्यावर पयल्यांदा माहेराला येतीया. चांगलं दिसाय पायजे."

अरे बाबांनो, लोकरीला कढत पाणी सोसत नाही! बयाबाई मला नुसती उन्हात टाकायची आणि काठीनं झोडपायची. पण मला तोंड कुठं आहे ओरडायला? यंत्रात गरम पाणी आलं, साबण आला, फुलांच्या वासाचं निळं औषध आलं. पिवळं-काळं पाणी मोरीतून वाहून गेलं. समाधान होईना म्हणून अमृतनं मला पुन्हा एकदा फिरवलं. आतबाहेर मी कोरी झाले, आणि आक्रसून निम्मी झाले.

राणी आली. बाळ वहिनीकडं दिलं आणि आल्या आल्या मला उचलून तिनं तोंडावर धरलं. धरूनच राहिली. मग एक टोक हुंगलं, दुसरं हुंगलं, चारी टोकं हुंगली.

"धुतलीस व्हय रं दादा?"

"दोनदा!" अमृत कौतुकानं म्हणाला. "बाळाला तरास नको म्हणून. बरं केलं न्हवं?"

राणीनं त्याच्याकडं पाहिलं. वासासाठीच मागितली होती, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती बयाबाईची लेक होती.

"लय बरं केलंस दादा," ती म्हणाली आणि तोंड धुवायला मोरीत गेली.

मी वाईला आले. राणी बाळाला माझ्यावर निजवते, पण नाक लावत नाही. तिला वाईट वाटतं आणि मलाही.

परवा अमृतचा फोन आला. "राणे, काल डबा खाताना आय लय आठवली गं. घास उतरंना. दिवाळीला येताना तेवढी घोंगडी आण. आयचा वास हाय तिला. जरा छातीशी धरतो."

धुराबरोबर आपण आईचाही वास धुऊन टाकलाय, हे त्याच्या ध्यानीच आलं नव्हतं. राणी म्हणाली, "आणते की दादा."

त्याच दुपारी तिनं परसात गोवऱ्या पेटवून मला धुरावर धरलं. तळहातावर शेंगतेल घेऊन टोकाला चोळलं. देव्हाऱ्यातला भंडारा टाकला. मग डोळे मिटून हुंगलं. धूर होता, तेल होतं, भंडारा होता. आई नव्हती. राणी तिथंच धुळीत बसून मोठ्यानं रडली. मी कोरडीठाक पडून राहिले.

मित्रांनो, घरातलं माणूस गेलं की आवराआवरीची घाई करू नका. कपडा मळकट असू द्या, वास मारू द्या. धुण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा. आणि तुमची आई असेल, तर आज तिच्या पदरापाशी जाऊन बसा.

दिवाळी आता जवळ आली आहे. अमृत मला छातीशी धरील, आणि तेव्हा त्याला सगळं कळेल. राणी पुन्हा म्हणेल, "दादा, तू बरंच केलंस." पण ते त्याला खरं वाटणार नाही.