हात लावला की खेळायचं

क्लबचा इतिहास सांगा म्हणतात. तोही पाच मिनिटांत! समारंभ आहे, मुलांच्या बुद्धिबळ क्लबला पंचवीस वर्षं होतायत, कुणीतरी बोललं पाहिजे, आणि बोलणार कोण, तर मी. मला बुद्धिबळ येत नाही. घोडा अडीच घरं जातो एवढं ठाऊक आहे, तेही पोरं कानाशी बोंबलतात म्हणून. मी शिवणकाम करते. पॅन्टा आखूड करायच्या, चेन बदलायच्या, ढगळ कपडे अंगाबरोबर करून द्यायचे. पण क्लबचा इतिहास म्हटलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात, कारण क्लबची किल्ली माझ्या गळ्यात आहे. अक्षरशः गळ्यात. नाडीत ओवलेली.

समारंभात मी गोड गोड बोलेन, काळजी नको. खरं काय झालं ते इथे सांगते.

माझ्या दुकानाच्या मागे एक खोली आहे. तिला दार एकच, आणि ते माझ्या दुकानातून. खिडकी आहे, पण इतकी उंच की तिच्यातून समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाइप तेवढा दिसतो. आधी तिथे मालकाची खोकी असायची. समोर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, सगळी पोरं त्यांना घड्याळकाका म्हणायची. त्यांच्या टपरीवर शाळा सुटल्यावर पोरं जमायची, कारण गिऱ्हाईक नसलं की काका पट मांडायचे. पोरं इतकी वाढली की रस्ता अडायला लागला. मग त्यांनी मालकाकडे ती खोली मागितली. मालक म्हणाला, "एका दाराला दोन भाडेकरू नकोत मला. बाईंच्या नावावर टाका, दार त्यांचं आहे." काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, टाका, मला काय फरक पडतो!

अगं बाई, कसली बुद्धी झाली मला!

पहिले पट मीच शिवले. अस्तराचे पांढरे आणि चॉकलेटी तुकडे जोडून. काका म्हणाले होते आठ घरं, आणि मी शिवली नऊ. शिलाईत जाणारं जादा धरायचं ही हाताची सवय, ते मी कपड्यालाही धरलं आणि घरांनाही. काकांनी पट पसरला, मोजला, परत मोजला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "बाई, हे नववं घर कुणाला राहायला?" तो पट अजून आहे. बारकी पोरं अजून त्याच्यावरच शिकतात, आणि मोठ्या पटावर गेली की एक घर कुठे गेलं म्हणून भांडतात.

नियम काकांनी एकच ठेवला होता. हात लावला की खेळायचं. सोंगटीला बोट लागलं की तीच हलवायची, मग रडा नाहीतर लोळण घ्या. नुसती नीट ठेवायची असेल तर आधी मोठ्याने म्हणायचं, "सारखं करतो." न म्हणता हात लावलात तर संपलं. पुढे पुढे पोरांनी तो नियम सगळ्यालाच लावला. झाडूला हात लावला की झाडायचं. घागरीला हात लावला की भरून आणायची. पाहुणा आला आणि चुकून झाडूला टेकला तर ही कार्टी त्याच्याकडून खोली झाडून घ्यायची. मलाही मजा वाटायची तेव्हा.

मग एका दुपारी काका आले. मुलाकडे जातोय म्हणाले, आठवडाभरात येतो. मी गिऱ्हाइकाचा रेशमी झगा बेतत होते. त्यांनी किल्ली काढली आणि थेट त्या रेशमावर ठेवली. मी ओरडलेच. "अहो काका, डाग पडेल!" आणि किल्ली उचलून बाजूला ठेवली. आतून पोरं एका सुरात, "हात लावला! मावशींनी हात लावला!" काका हसले. "लावलात खरा, बाई. आता खेळायला हवं." मीही हसले.

काका परत आले नाहीत. मुलाकडेच राहिले, तिथेच वारले. त्यांच्यावर राग धरू म्हटलं तर धरवत नाही. माणूस चांगला होता हो. पण माझा आठवडा काही संपला नाही.

सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. आपल्याकडे एक कमिटी आहे. तिचे अध्यक्ष शाळेतून निवृत्त झालेले सर. त्यांना सगळे मागून तूर्तास सर म्हणतात, कारण त्यांच्या तोंडी दुसरा शब्द नाही. मी म्हटलं, सर, मला मोकळं करा. सर म्हणाले, "तूर्तास तुम्हीच बघा, मी माणूस शोधतो." त्यांनी शोधलेला पहिला माणूस औषधाच्या दुकानातला. त्याने महिना काढला, लग्न ठरल्यावर काढता पाय घेतला. दुसऱ्याने पोरांचा गोंगाट सोसत नाही म्हणून किल्ली माझ्या मशीनवर आपटली. नंतर मी थेट मालकाकडे गेले. तो म्हणाला, "सोडा की. पण दोन्ही खोल्या एकदम सोडा. तुमच्या नावावर आहेत. मला फरशांचा माल ठेवायला जागा हवीच आहे." म्हणजे मी गेले की क्लब रस्त्यावर. माझ्या जागी जो येईल त्याने दुकान आणि खोली दोन्ही घ्यायची, दार उघडायचं, शेवटचं पोर घरी जाईपर्यंत बसून राहायचं. कोण येतो मरायला?

सुट्टीच्या दिवशी तर बघायलाच नको. सगळं जग बाहेर, आणि मी मशीनला टेकून बसलेली, कारण आत स्पर्धा. आतून "शह!" आलं की मला वाटतं मलाच दिला. खोटं कशाला बोलू, त्या खोलीचा मला संताप येतो. पोरांचा नाही. पोरं येताना पायपुसण्याला पाय पुसून येतात, माझ्या हातून सुई पडली तर चौघं जमिनीवर पालथी पडून शोधतात. म्हणून तर अडकले.

आता माझ्या बहिणीचं सांगते. धाकटी. आम्ही दोघीच. तिचं गाव लांब, आणि तिचा नवरा गेल्यापासून ती एकटी. कधीपासून म्हणतेय, ताई, ये इकडे, खिडकीपाशी तुझी खाट टाकून ठेवलीय. मी म्हणायचे, येते, जरा इथलं मार्गी लागू दे. चार दिवस जायचं म्हटलं तरी दार बंद, म्हणजे क्लब बंद. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं निघालं. कडेकडेने दिसेनासं होतंय. मधे अजून उजेड आहे, पण तोही आत आत येतोय. डॉक्टरांनी हात टेकले. तिने फोन केला, रडलीबिडली नाही, एवढंच म्हणाली, "ताई, मला दिसतंय तोवर ये."

ठरवलं, आता बास. जायचं.

आणि मार्गही दिसला. भिंगरी. नवघरी पटावर शिकलेली पोरगी, एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. आता लिफ्ट दुरुस्त करते. बाहेरगावी नोकरीला होती, वडिलांचं ऑपरेशन झालं म्हणून परत आली. वडील आता ठणठणीत, पण घरच्यांनी धरून चाललंय की ही आता इथेच. खेळात तिचा हात धरणारं कुणी नाही, पोरं तिच्यावर जीव टाकतात, आणि दुकानाची जागा तिला हत्यारं ठेवायला हवीच असेल. तूर्तास सर खूश. "समारंभातच किल्ली देऊ तिला! तुम्ही फक्त कानावर घाला." मी बहिणीला कळवून टाकलं, येतेय. ती म्हणाली, खाट उन्हात टाकते.

भिंगरीचा स्वभाव मला पुरता माहीत. लहानपणी मोठ्या स्पर्धेत शेवटच्या डावात हिचं बोट वजिराला लागलं. कुणी बघितलं नव्हतं. समोरच्या पोरानेसुद्धा नाही. हीच उठली आणि म्हणाली, "माझा हात लागला." वजीर हलवला, डाव गेला, आणि माझ्या दुकानात कापडाच्या ढिगात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. पण खेळी मागे घेतली नाही.

शनिवारी ती तिची नवी पॅन्ट न्यायला येणार होती. खाली दुमडून द्यायची होती. मी काय केलं सांगू? पॅन्टची घडी घालून टेबलावर ठेवली, गळ्यातली नाडी काढली, आणि किल्ली त्या घडीवर ठेवली. बरोब्बर मधोमध. आतल्या दाराची फळीही उघडीच ठेवली, पोरांना दिसावं म्हणून. विचारलं तर माणूस नाही म्हणू शकतो. हात लागला तर भिंगरी नाही म्हणणार नव्हती.

ती आली ती उड्या मारतच. "मावशी, कुणाला सांगू नकोस हं. घरीसुद्धा अजून बोलले नाहीये."

"काय झालं?"

"मला घेतलं! नव्या इमारतींत लिफ्ट बसवणारे आहेत ना, त्यांनी. दुरुस्ती नाही गं, नव्या बसवायच्या! या गावाहून त्या गावाला. माझ्या हाताखाली चार माणसं असणार. पॅन्ट त्याच्याचसाठी आहे, म्हणून तर तुला घाई करत होते."

मी तिच्याकडे बघत राहिले. या पोरीला मी इतकी वर्षं ओळखते, पण तिचा असा चेहरा बघितला नव्हता. आणि मला एकदम काका आठवले. किल्ली कायम त्यांच्या खिशात असायची. खिशाला साखळी होती. मग त्या दिवशी टेबलावर एवढी जागा मोकळी असताना रेशमावरच कशी ठेवली? मला इतक्या वर्षांत कधी हे सुचलं नाही. उचल ती किल्ली, मी स्वतःला म्हटलं, उचल लवकर.

उशीर झाला. भिंगरीने बोलता बोलता किल्ली बाजूला सरकवली आणि पॅन्ट उचलून कमरेला लावून बघितली.

"हात लावला!" आतून सगळी पोरं दाराशी. "भिंगरीताईने किल्लीला हात लावला! हात लावला!"

ती हसली. मग तिने किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं, आणि तिचं हसू गेलं. हुशार पोरगी, तिला सगळं कळलं. पॅन्ट हळूच खाली ठेवली. वजिराच्या वेळी झाला होता तोच चेहरा.

"मावशी," ती म्हणाली, "लागला खरा."

मला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. नुसती गप्प राहिले असते तरी सुटले असते. धाकटीने खाट उन्हात टाकली होती. तिकीट माझ्या मशीनच्या खणात होतं.

"गप्प बसा रे!" मी पोरांवर खेकसले. "कान फुटलेत का तुमचे? आधी 'सारखं करते' म्हणाली ती. मी ऐकलं."

"नाही म्हणाली!"

"म्हणाली म्हणते ना मी! जा आत, पट मांडा. आणि तू गं, उभी काय राहिलीस? पॅन्ट उचल आणि चालती हो. आजच्या आज घरी सांग, नाहीतर मी येऊन सांगेन."

भिंगरीने मला एकदम मिठी मारली. तिच्या केसांना ग्रीसचा वास येत होता. मग ती गेली, धावतच. मी किल्ली नाडीत ओवली आणि गळ्यात घातली. थंड होती.

सगळ्यात बारकी एक पोरगी दारातच उभी होती. "मावशी, ती म्हणाली नव्हती. तुम्ही खोटं बोललात."

"हो," मी म्हटलं. "जा, खेळ."

संध्याकाळी तूर्तास सरांना सांगितलं. त्यांनी सुस्कारा टाकला, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मग तूर्तास..." मी म्हटलं, सर, पुढचा शब्द बोललात तर हातात कात्री आहे.

पण धाकटीला सांगायला तोंड होईना. शेवटी फोन केला. सगळं सांगितलं, किल्ली मुद्दाम ठेवल्याचंसुद्धा. तिने ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं केलंस गं. मग असं कर, तुझा एक फोटो पाठव. आत्ताच. मोठा करून बघते."

मी पोरांना म्हटलं, काढा रे माझा फोटो. कसचं काय, सगळी कार्टी पट टाकून पुढे घुसली. हात हलवतायत, उंट नाचवतायत, बारकीने नवघरी पट निशाणासारखा धरलाय. मी मागे दाराशी होते. तसाच पाठवला. सगळ्यांचे डोळे उघडे असलेला तेवढा एकच होता.

बराच वेळ फोन आला नाही. मग वाजला.

"किती पोरं गं," ती म्हणाली. "एकेक करून बघितली. तू कुठे आहेस?"

"कडेला बघ. मागे. दाराशी उभी आहे."

ती शोधत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि आत कुणीतरी कुणालातरी शह देत होतं.

"दार दिसलं, ताई," ती म्हणाली. "तू नाही दिसत."