चौथ्या नंबरचा पेरू

साहेब, माझ्या भाचीचं वर्ष तुमच्या परीक्षकांनी खाल्लं. आधी पेरू खाल्ला, मग वर्ष.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं वनस्पतींचे काप काढतोय. प्रात्यक्षिक परीक्षेला पाच सूक्ष्मदर्शक मांडायचे. पहिल्याखाली अन्न साठवणाऱ्या मऊ पेशी, दुसऱ्याखाली पाणी वर चढवणाऱ्या, तिसऱ्याखाली पानातली साखर सगळीकडे पोचवणाऱ्या, चौथ्याखाली पेरूतल्या दाताखाली कचकचणाऱ्या कठीण पेशी, पाचव्याखाली पानाच्या भोकांची उघडझाप करणारी पेशींची जोडी. हा क्रम बावीस वर्षांत हललेला नाही.

त्या सकाळी पेरू टेबलावर ठेवून पाणी आणायला गेलो. आलो तर परीक्षक दात कोरत बसलेले.

"गोड होता," म्हणाले.

"सर, तो चौथ्या नंबरचा होता."

"मग दुसरं काही लावा. आधार देणारी पेशी असली म्हणजे झालं."

भोपळ्याचं कोवळं देठ होतं, त्याचा काप लावला. "सर, पेरूतल्या पेशी मेलेल्या असतात, या जिवंत. उत्तर बदलावं लागेल."

"उत्तरं छापून आलीत. तुम्ही देठ कापा, देठाएवढंच बोला."

एकोणीस मुलांनी चौथ्याला डोळाही लावला नाही. दरवर्षीचाच पेरू. लिहून टाकलं: कठीण पेशी, मृत. सगळे पास. एकट्या भाचीने डोळा लावून पाहिलं आणि लिहिलं: स्थूलकोन पेशी, जिवंत, भिंती कोपऱ्यांत जाड, देठाला वाकू देतात पण मोडू देत नाहीत. शून्य. एका गुणाने नापास.

"मामा, मी चुकले का?"

"नाही."

"मग पुढच्या वेळी डोळे मिटूनच जाते."

फेरतपासणीचा अर्ज केला. तुमचं पत्र आलं: 'उत्तर छापील उत्तराशी जुळत नाही.' जुळेल कसं? छापील उत्तर ज्या पेरूचं, तो परीक्षकांच्या पोटात.

तो काप मी काचेवर पक्का करून ठेवलाय. डबी कुलपात, किल्ली माझ्या खिशात. पुढच्या वर्गाचे प्रवेश शुक्रवारी बंद होतात. त्याआधी या, स्टुलावर बसा, डोळा लावा आणि सहीनिशी लिहून द्या: मी देठ कापलं तेव्हा त्या पेशी जिवंत होत्या की मेलेल्या?